पाच शेळ्यांचा किस्सा

मी आता जे लिहिणार आहे ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, जवळच्या म्हणवणाऱ्या एकाही मित्राला नाही. इतकी वर्षं ते ओझं मी एकट्याने वाहिलं.

— एवढं लिहिलं, वाचून पाहिलं, आणि थांबलो. वाक्यं चांगली जमली आहेत, पण खरी नाहीत. ही गोष्ट मी दहा-बारा वर्षं सांगत होतो. शहापूरला सांगितली, मुरबाडला सांगितली. केंद्र संमेलनात, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या. दोन-तीन सेवापूर्ती समारंभांत तर माइकवरून सांगितली. बायकोला ती इतकी पाठ आहे की मी सुरुवात केली की ती उठून चहा टाकायला जायची. ओझं वगैरे काही नव्हतं. लोक हसायचे, मीही हसायचो.

फक्त त्यातला एक शब्द बदललेला होता. तो मूळ शब्द कोणता, एवढंच कुणाला सांगितलेलं नाही.

आधी किस्सा सांगतो, जसा सांगायचो तसा. म्हणजे तुम्हीही हसाल. हसलात तर वाईट वाटून घेऊ नका — तो हसण्यासाठीच रचलेला आहे.

एका वाडीवर वीस शेळ्या असतात. सरकारी योजनेतल्या, म्हणजे कागदावर धडधाकट. जिल्ह्याहून मोठे साहेब पाहणीला येणार असतात, म्हणून आमचे विस्तार अधिकारी मला फळ्यावर हिशेब मांडायला बसवतात. दिवाळीला वीस शेळ्या. माघात मोजल्या तर दहा. बाकीच्या चाऱ्यासाठी लांब गेलेल्या. म्हणजे पन्नास टक्के घट. पावसाच्या तोंडावर पुन्हा मोजल्या, तर दहावर पाच वाढलेल्या. पन्नास टक्के वाढ. विस्तार अधिकारी फळ्याकडे बघतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "पन्नास टक्के गेल्या, पन्नास टक्के आल्या. शेरा लिहा गुरुजी — पूर्ववत!" मी लिहितो. साहेब येतात, वाचतात, मान डोलावतात, जातात.

इथे मी जरा थांबायचो. कुणीतरी विचारायचंच — अहो पण, उरलेल्या पाच शेळ्या?

"त्या टक्क्यांनी खाल्ल्या."

हशा. हा हशा दोन हप्त्यांत यायचा. आधी गणितवाले हसायचे. मग मनातल्या मनात वीस, दहा, पंधरा करून झालेले बाकीचे. उशिरा हसणारे जास्त वेळ हसायचे.

आता मी कोण ते सांगायला हवं. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. घर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. नोकरीचा बराच काळ मात्र शहापूर तालुक्यात गेला. शहापुरात भाड्याची खोली होती, वाचनालयाचं सभासदत्व होतं. केंद्रात, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांत, माझी ख्याती "वाचणारा माणूस" अशी होती. वाचनाचा मला झालेला ठळक फायदा असा की कुणाचंच काही खरं वाटेनासं झालं. सत्कार, उद्घाटनं, मान्यवरांची मनोगतं — सगळ्याकडे मी मागच्या रांगेत बसून, हाताची घडी घालून बघायचो. कुणी भाषणात चुकलं की ते मी जपून ठेवायचो. काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात. मी साहेबलोकांचा मूर्खपणा जमवायचो. ह्यात आपण काही वाईट करतो आहोत असं मला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटायचं, आपण थोडे वरचे आहोत.

असो. वाडीकडे येतो.

आमची शाळा खालच्या गावात होती. दोन शिक्षकी. ओढा ओलांडून, सागाच्या रानातून चढून गेलं की वर वाडी. कुडाची घरं, पुढे सारवलेली अंगणं. वाडीवर सगळ्यांना "तू"च म्हणत — गुरुजीला तू, पोलिसपाटलाला तू, देवाला तर तूच. मला ते फार आवडायचं. पावसाळाभर भात आणि नाचणी. दिवाळी झाली की निम्मी वाडी वाशिंदच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि माणसं मोजायचा. पण माणसं मोजायची त्याची रीत वेगळी. तो जोडी मोजायचा. नवरा-बायको मिळून एक जोडी. "किती जोड्या झाल्या रे?" एवढंच विचारायचा. ट्रकमध्ये भांड्यांच्या बोचक्यांवर बसलेली पोरं कुठल्याच मोजणीत नसत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी कुठल्याशा बैठकीत कुणीतरी विचारलं असावं की अशा वाड्यांवरची लहान मुलं किती बाहेर जातात. प्रश्न चांगला होता. तो वरून खाली येत येत आदेश झाला आणि शिक्षकांपर्यंत पोचला. माणसं मोजायची असोत, मतदार मोजायचे असोत, गुरं मोजायची असोत — मोजायचं काही निघालं की आमची आठवण होते. सहा वर्षांखालची मुलं तीनदा मोजायची होती: दिवाळीआधी, माघात, आणि पावसाआधी.

पहिल्या मोजणीला मी दसऱ्यानंतर वर गेलो. मुलं एका जागी ठरत नव्हती. सोमी नावाची एक बाई होती, तिची मोठी मुलगी माझ्याकडे दुसरीत. ती सूप घेऊन अंगणात बसली होती. म्हणाली, "गुरजी, पोरां मोजू नको रं. नजर लागते."

मी म्हणालो, "मोजून पोरं कमी होत असती, तर सरकारने कुटुंबनियोजनाचा खर्च कशाला केला असता?"

ती हसली. शेजारची म्हातारीही हसली. माझा विनोद वाडीवर चालला, ह्याचं मला बरं वाटलं — तेही आठवतं. सोमीचं सगळ्यांत धाकटं पोर वर्षभराचं होतं. त्याला सगळे बारका म्हणत. ते रांगत आलं आणि त्याने माझी चप्पल धरली. पायातली. सोडेना. मी त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "हा एक," आणि पहिली रेघ ओढली. मग बाकीची मोजली. वीस भरली.

आता तुम्हाला शब्द कळला असेल. शेळ्या नव्हत्या.

माघात गेलो तेव्हा दहा होती. घरांना कड्या, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. हे अपेक्षितच होतं. जी गेली ती भट्टीवर आईबापांबरोबर. पावसाआधी गेलो तेव्हा वाडी पुन्हा भरलेली होती. धूर होता, कोंबड्या होत्या, पोरं ओरडत होती. मोजली. पंधरा. मला वाटलं माझी चूक झाली. पुन्हा मोजली.

एका घरातली दोन वाशिंदलाच राहिली होती. बाप तिथे कारखान्यात लागला, म्हणून कुटुंबच परतलं नव्हतं. ती चांगली बातमी होती. मग तीन राहिली.

सोमी अंगणातच होती. मांडीवर मधली मुलगी, तीनेक वर्षांची. मी विचारलं, "बारका कुठाय?"

"तो थितंच रायला."

मी, वाचणारा माणूस, म्हणालो, "कुणाकडे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला समजत नाही हे तिला समजलं, एवढंच. "वड्याच्या कडेला," ती म्हणाली. "गोवर आलेला. तिघांना आलेला. तिघंबी थितंच."

ती रडली नाही. मी रेघा पुन्हा मोजल्या. हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून असेल. मग तीच म्हणाली — आणि हे ती विचार करून ठेवल्यासारखं बोलली — "गुरजी, तो मोठा सायब येनार हाय नं? त्याला सांग. पावसात वडा आडवा, सुईवाली बाय वर येत नाय. उन्हाळ्यात ती येते तं आमी नसतो. दसऱ्याच्या मागारी, आमी जायच्या आधी, एक दिस तिला धाड म्हनावं. सगल्या पोरांना टोचून जाऊ दे."

आरोग्य खात्याच्या कुठल्याही अहवालात ही अडचण इतकी स्वच्छ मांडलेली मी नंतर वाचली नाही. पावसात ओढा, उन्हाळ्यात भट्टी, मधे पंधरवडाभराची फट. त्या फटीत एक दिवस लसटोचणी ठेवायची. तेवढंच काम.

मी म्हणालो, "फळ्यावर लिहितो. साहेब वाचतील."

"लिव," ती म्हणाली. "नीट लिव हां, रं."

आणि मी लिहिलंही. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही. क्रम म्हणून सांगतो. पाहणीच्या आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर मी तक्ता आखला. मुलांची संख्या. प्रत्यक्ष बदल. शेकडा बदल. शेरा. प्रत्यक्ष बदलाच्या रकान्यात वजा दहा आणि त्याखाली अधिक पाच. शेऱ्यात लिहिलं — पाच परत नाहीत, तीन गोवराने मृत, स्थलांतराआधी लसीकरण व्हावे. माझं अक्षर चांगलं आहे. वाईट अक्षराच्या माणसाला अशी कामं सांगत नाहीत.

दुपारी विस्तार अधिकारी तयारी बघायला आले. माणूस दुष्ट नव्हता. घामेजलेला, भ्यालेला, गाडीचा आवाज आला की शर्ट खोचणारा. दगडांना चुना लागला का, लेझीम बसली का, सगळं बघून झाल्यावर फळ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "गच्च झालंय हो, गुरुजी. एवढं कोण वाचणार? हा प्रत्यक्ष बदलाचा रकाना काढा. टक्के ठेवा. टक्के असले की कसं, अभ्यास केल्यासारखं वाटतं."

मी डस्टर घेतलं. वजा दहा पुसलं. अधिक पाच पुसलं.

मग त्यांनी उरलेलं वाचलं. पन्नास टक्के घट. पन्नास टक्के वाढ. बोटाने हवेत काहीतरी केलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला — मला त्यात लबाडी दिसली नाही. "अरे! मग झालंच की बरोबर. पन्नास गेले, पन्नास आले. हे मृत-बित कशाला लिहिलंय? हिशेब जुळतोय ना? पूर्ववत लिहा."

आता इथे मला हळू लिहायला हवं.

आधीच्या मोठ्या शाळेत मी कित्येक वर्षं सातवीला शेकडेवारी शिकवली होती. बदल भागिले मूळ संख्या, गुणिले शंभर. दर वर्षी पहिल्या तासाला एकच गोष्ट घोकून घ्यायचो — टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे टक्के? मूळ संख्या कोणती? विसाचे पन्नास टक्के दहा, दहाचे पन्नास टक्के पाच. दोन्हीकडे पन्नास दिसलं म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. दहा वजा झाले की विसावर परत यायला पन्नास नाही, शंभर टक्के वाढ लागते. माझी सातवीतली ढ मुलंसुद्धा हे सांगायची. मला हे येत नव्हतं का? मला हे झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. "साहेब, पाच कमी आहेत." घाबरलो का? बदलीची भीती होती, असं लिहिलं तर तुम्हाला पटेल. मुरबाडला बदली हवी होती हे खरंही आहे. पण ते कारण नव्हतं. कारण सांगायला लाज वाटते, ते भीतीपेक्षा फार लहान आहे.

मला मजा वाटली.

"पूर्ववत" हा शब्द ऐकला आणि मला आतून हसू फुटलं. इतका परिपूर्ण मूर्खपणा मला तोवर मिळाला नव्हता. जमवणाऱ्याला दुर्मिळ तिकीट मिळावं तसं झालं. मी बोललो असतो तर तो मूर्खपणा दुरुस्त झाला असता — आणि मग सांगण्यासारखं काय उरलं असतं? मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बरोबर, साहेब." शेऱ्याचा रकाना पुसला आणि लाल खडूने, वळणदार, लिहिलं — पूर्ववत. त्या वेळी मला तीन मुलं आठवत नव्हती का? आठवत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या. त्यांचं एकमेकींशी भांडण झालं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. मी त्यांच्यासाठी मनात एक पोटसुटा, गॉगलवाला, घड्याळ बघणारा माणूस तयार ठेवला होता. उतरले ते साधे, सडपातळ गृहस्थ. मुलांचं स्वागतगीत उभं राहून ऐकलं. त्यांच्यासाठी दोन कोंबड्या कापलेल्या होत्या. ते शाकाहारी निघाले. कोंबड्या आम्ही खाल्ल्या. वाडीवरची माणसं खाली आणून व्हरांड्यात बसवली होती. बायकांच्या रांगेत सोमी होती, फळा दिसेल अशा जागी.

साहेब फळ्यापुढे थांबले. वाचलं. मग वळून — विस्तार अधिकाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघून — विचारलं, "ही मुलं जातात, ती सगळी परत येतात ना, गुरुजी?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. माझ्या संग्रहात असे साहेब नव्हते. तो एकच माणूस होता ज्याला खरोखर उत्तर हवं होतं. तो ते लिहून घेऊन गेला असता, आणि दसऱ्यानंतर एक दिवस सुईवाली बाई ओढा ओलांडून वर आली असती. मला हे तेव्हाही कळलं. विस्तार अधिकारी माझ्याकडे बघत होते. सोमी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "फळ्यावर दिलं आहे, साहेब."

हेच वाक्य. खोटंसुद्धा नाही, बघा. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटला असावा. साहेबांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. "पूर्ववत," ते वाचून म्हणाले. "छान." आणि मान डोलावली. त्यांना मी दोष देत नाही. फळ्यावर जे पुसलं होतं ते त्यांनी कसं वाचावं?

गाड्या गेल्या. धूळ खाली बसली. मी खुर्च्या आत नेत होतो तेव्हा सोमी आली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "बरां लिवलंस, गुरजी. त्यानी दोन येळा वाचलां. मान हलवली त्यानी, मी बघितलां."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा "हो" म्हणालो असेन.

पुढची दिवाळी जवळ आली तशी ती शाळेत येऊ लागली. "बाय कदी येनार?" मी म्हणायचो, येईल. शाळेत कुणीही काहीही विचारलं तरी मी येईल म्हणायचो. पुस्तकं येतील, गणवेश येतील, अनुदान येईल. तेव्हा जाऊन मी स्वतः आरोग्य केंद्रात सांगू शकलो असतो. शहापूरला मी रोज मुक्कामाला परतत होतो. एस.टी.तून ते केंद्र दिसायचं. पण मग विचारलं गेलं असतं — अहो, पण तुम्हीच तर पूर्ववत लिहिलंत?

मुकादमाचा ट्रक आला. सोमी चढेना. तिचा नवरा, नवसू, अंगणात ओरडत होता: "गाडी चालली गो! सगली चढली, तू काय त्या बायची पूजा घालतेस?" ती म्हणाली, "गुरजीनी लिवलंय. ती येनार." हे मला दुसऱ्या एका बाईने सांगितलं, आणि हसत सांगितलं. वाडीवर सोमीची थट्टा चालली होती. ट्रक त्यांची जोडी न घेता गेला. काही दिवस ते दोघं, दोन मुली, अर्ध्या रिकाम्या वाडीत थांबले. मग दुसरा कुणी मुकादम आला. तो वाशिंदचा नव्हता. कुठल्या बाजूला नेतो हे तिथे उरलेल्या म्हाताऱ्यांना नीट सांगता आलं नाही. ह्या वेळी सोबतीला भावकी नव्हती, ओळखीची भट्टी नव्हती.

पावसाच्या तोंडावर बाकीची वाडी परत आली. ती आली नाहीत. त्याच्या पुढच्या पावसालाही नाही. कुणी म्हणे तिकडेच स्थायिक झाले, कुणी आणखी काही म्हणे. मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर काहीतरी उत्तर मिळालं असतं. सोमीच्या मोठ्या मुलीच्या नावापुढे मी सतत गैरहजर लिहिलं आणि नियमाप्रमाणे नाव कमी केलं. पट एकाने उतरला. टक्क्यांत विचाराल तर नगण्य.

किस्सा पहिल्यांदा सांगितला तो ह्याच सुमारास, शहापूरच्या स्टँडजवळ चहा पिताना. चार शिक्षक होतो. मी सुरुवात केली, "अरे, एक गंमत ऐका — वाडीवर वीस..." आणि जीभ क्षणभर अडली. मग म्हणालो, "शेळ्या." बाकी सगळं तसंच. तिघेही पोट धरून हसले. एकाला ठसका लागला.

पुढे मुरबाडला बदली झाली, किस्सा बरोबर आला. सांगून सांगून त्याला धार आली. टक्क्यांनी खाल्ल्या, हा शेवट तर नंतर सुचला. दोन हजारनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्याच विस्तार अधिकाऱ्यांचा सेवापूर्ती समारंभ झाला. मला चार शब्द बोलायला बोलावलं. मागून आवाज आला, "शेळ्यांचं सांगा, गुरुजी!" मी सांगितलं. समोर सत्कारमूर्ती शाल पांघरून बसले होते. इतके हसले की मांडीवरचा नारळ घरंगळला. कार्यक्रम संपल्यावर माझा हात हातात घेऊन, डोळे पुसत म्हणाले, "कोण हो हा महाभाग?"

मी म्हणालो, "तुम्ही ओळखत नाही, साहेब."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण माझंही तेच होत आलं होतं. मधली काही वर्षं तो किस्सा सांगताना माझ्या डोळ्यांसमोर शेळ्याच यायच्या. काळ्या, पांढऱ्या, कानावर ठिपके असलेल्या. रानातून उतरणाऱ्या दहा; परत येणाऱ्या पाच. ह्या माझ्या पाहण्यातल्याच शेळ्या आहेत, असं कुणी शपथेवर विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

आता निवृत्त आहे. परवा बाजारात जायला निघालो होतो. नातू रांगत आला आणि त्याने माझी चप्पल धरली. पायातली. सोडेना. सूनबाई हसली. माझ्या तोंडातून आवाज निघाला, "हा एक."

सूनबाई म्हणाली, "काय म्हणालात, बाबा?"

मी म्हणालो, काही नाही.

मला फारसं काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो. रडू आलं नाही, छातीत कळ आली नाही. बाजारात गेलो. भाजी आणली. दुधी आणला होता, तो कडू निघाला. मग दोन-तीन दिवसांनी हे लिहायला बसलो, आणि आधी ते ओझ्याचं वाक्य लिहिलं.

किस्सा मी आता सांगत नाही. कुणी आग्रह केला तर विसरलो म्हणतो. ह्या वयात लोक विश्वास ठेवतात.

एक तपशील राहिला. इतकी वर्षं तो किस्सा ऐकणाऱ्यांत त्या केंद्रातले शिक्षक होते, खालच्या गावचे सरपंच होते, वाडीवर जाऊन आलेले निदान डझनभर लोक होते. त्यांतल्या एकानेही कधी हरकत घेतली नाही, म्हणून मीच सांगतो. त्या वाडीवर कुणाकडेही शेळी नव्हती.